तिसरी गोड निघाली

इराकने कुवेत घेतलं तेव्हा आम्हाला रियाधच्या अल मलाझमध्ये राहून सहा वर्षं झाली होती. तीन मजले, सहा बिऱ्हाडं. आमचे हे बँकेत, मी एका खासगी दवाखान्याच्या स्टोअरमध्ये. युद्ध होणार हे नक्की झालं तसं मी वही काढली आणि इमारतीची यादी सुरू केली. खिडक्यांना चिकटपट्टी कोणी लावली, कोणाच्या कंपनीने गॅस मास्क दिले, कोणाकडे पाणी किती. कोणी मला सांगितलं नव्हतं, पण यादी केली नाही तर मला चैन पडत नाही.

पाण्याचं पान सगळ्यात मोठं होतं. रियाधला पिण्याचं पाणी समुद्राचं. ते जुबैलला गोडं करतात आणि शेकडो किलोमीटर नळाने आणतात. जानेवारीत समुद्रात तेल पसरलं, ते जुबैलच्या दिशेने निघालंय असं रेडिओने सांगितलं आणि एका दिवसात दुकानांतले जेरीकॅन संपले. आम्ही बाथटबसुद्धा भरून ठेवला.

अशा दिवसांत समोरच्या फ्लॅटमधली शेजारीण रिकामे जेरीकॅन मागत फिरत होती.

ती वसईची, सरकारी इस्पितळात नर्स. सगळे तिला सिस्टर म्हणायचे, मीही. नवरा जुबैलला फिटर, शुक्रवारच्या सुट्टीसाठी गुरुवारी कंपनीच्या बसने घरी यायचा.

"वहिनी, जुना असला तरी चालेल. झाकण नसेल तर झाकण मी बघते."

"भरायला पाहिजे ना?" मी विचारलं.

"हो, भरायलाच," ती म्हणाली आणि विषय बदलला. तिच्या पानावर मी पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढलं.

दुसरं प्रश्नचिन्ह चपलांमुळे. शुक्रवारी सकाळी तिच्याकडे सात-आठ माणसं यायची. भिंतीतून आवाज कळायचे, पण दाराबाहेर एकही चप्पल नाही. आपल्याकडे माणसं घरात आणि चपला बाहेर. चपला आत घेऊन दार लावणारे लोक मी तोवर पाहिले नव्हते. तिसरं, वास. दर शुक्रवारी दुपारपर्यंत जिन्यात तेलाचा वास यायचा, तळणाचा नव्हे, मशीनच्या तेलासारखा.

आणि मग एका शुक्रवारी मी कपडे वाळत घालत असताना मधल्या चौकातून तिचा आवाज ऐकू आला. कोणाला तरी काहीतरी वाचून दाखवत होती. "आधीच्या दोन खारट गेल्या," आणि मग एकदम जोरात, "तिसरी गोड निघाली!" आतले सगळे हसले, कोणी टाळ्याही वाजवल्या.

माझ्या मनात काय आलं ते लिहायला लाज वाटते, पण लिहिते. तिसरी म्हणजे बाटली. वसईची ख्रिश्चन बाई, रिकामे कॅन, बंद दार, वास. घरी दारू गाळणारे लोक रियाधमध्ये होते. पकडले गेले की तुरुंग, फटके आणि मग मायदेशी रवानगी. त्यांच्याबरोबर शेजाऱ्यांचीही चौकशी. आमचा इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, यांच्या बँकेच्या हातात. मुलगी दहावीला, परीक्षा दोन महिन्यांवर. मला झोप लागेना.

त्याच आठवड्यात घरमालकाचा मंदूब आला. मंदूब म्हणजे मालकाची सरकारी कामं बघणारा माणूस. हा इजिप्शियन, आमच्याशी मोडकं हिंदी बोलायचा. त्याला प्रत्येक बिऱ्हाडाची यादी हवी होती. कोण राहतं, कोण येतं, कोण जातं.

"लड़ाई है मदाम. पुलिस पूछेगा तो मालिक क्या बोलेगा? आप अच्छा लिखता. जुमेरात को, असर की नमाज के बाद."

मी चार रकाने आखले, मग पाचवा, येणारे-जाणारे. समोरच्या फ्लॅटपुढे लिहिलं, दर शुक्रवारी सकाळी सात-आठ जण, स्त्री-पुरुष एकत्र, चपला आत घेतात. सवयीप्रमाणे खाली कार्बन होता.

बुधवारी संध्याकाळी तो कागद घडी करून हातात घेतला आणि समोरचं दार वाजवलं. म्हटलं, आधी विचारून तरी घ्यावं. खरं सांगायचं तर तिने घाबरून ते सगळं बंद करावं, एवढंच मला हवं होतं.

"सिस्टर, रागावू नका. एक विचारायचंय."

"मास्कचं असेल तर मलाही तो नीट बसत नाही."

"शुक्रवारी तुमच्याकडे काय गोड निघालं?"

तिचा चेहरा उतरला. माझा संशय पक्का झाला.

"तिसरी बाटली," मी म्हटलं. "मी सगळं ऐकलंय."

ती मटकन खुर्चीत बसली आणि पोट धरून हसायला लागली. "बाटली! अहो वहिनी, बाटली नव्हे हो, विहीर!"

मला स्वयंपाकघरात नेलं. ओट्यावर परात, परातीत तेल, तेलात बुडवलेल्या चामड्याच्या गोल वाट्या. "वायसर," ती म्हणाली. "हातपंपाचे. तेलात मुरवले की मऊ होतात."

तिची धाकटी बहीण सुदानला होती. "तीपण सिस्टर, पण माझ्यासारखी सुया टोचणारी नाही. व्रत घेतलेली." तिची संस्था गावोगाव बोअरच्या विहिरी मारून हातपंप बसवायची, आपल्या खेड्यांत असतात तसलेच. पंप बसायचा, सहा महिन्यांत चामडं झिजायचं, आणि बायका पुन्हा गुरांच्या डबक्यावर. यादवीमुळे तिकडे सुटे भाग पोचत नव्हते. म्हणून वसईचा एक चांभार मापाने वायसर कापून द्यायचा आणि सिस्टर ते सुट्टीवरून येताना सुकेळ्यांच्या डब्यात तळाशी घालून आणायची. इथून तिच्या इस्पितळातला एक सुदानी फार्मासिस्ट ते जेद्दाच्या बोटीने पाठवायचा, पाणी वाहायला जेरीकॅनही. शुक्रवारी आधी प्रार्थना, मग हे काम. ख्रिश्चन प्रार्थनेलाच इथे बंदी. त्यात सुदान इराकच्या बाजूचा. तिकडे खोकी पाठवणाऱ्याचं कोण ऐकून घेणार?

तिने बहिणीचं पत्र दिलं. मी ते दोनदा वाचलं. 'आधीच्या दोन खारट गेल्या. तिसरी गोड निघाली. पहिल्या दिवशी बायका पंप सोडेनात, हात भरून आले तरी मारत राहिल्या.'

तरी माझा दुसरा संशय उरलाच होता. आमच्या लहानपणी घरोघर सांगायचे, पाद्री विहिरीत पाव टाकायचे आणि ते पाणी प्यालेलं अख्खं गाव बाटायचं.

"पाणी पाजून तिथल्या लोकांना बाटवत तर नाही ना?" मी विचारलंच.

तिने माठातून ग्लास भरला आणि माझ्यापुढे ठेवला. "घ्या. पाव टाकलेला नाही. उजेडात धरून बघा हवं तर." मग हसू थांबवून म्हणाली, "पंप मारायला येणाऱ्याला धर्म विचारत नाहीत, असं बहीण लिहिते. मी बघायला गेलेली नाही. न बघितलेलं छातीठोक कसं सांगू?"

मी पाणी प्याले. तिची नजर माझ्या हातातल्या कागदावर गेली.

"आमचंही लिहिलंत?"

"लिहिलंय. दिलेलं नाही."

तिने काही मागितलं नाही. घरी येऊन मी ते पान कार्बनच्या प्रतीसकट फाडलं. माझ्या हातून फाडली गेलेली ती एकच यादी. नव्या यादीत पाचव्या रकान्यात लिहिलं, शुक्रवार सकाळ, पाणी साठवण्याची बैठक. एका अर्थी ते खोटं नव्हतं.

गुरुवारी मंदूबने ते वाचलं आणि खूश झाला. "मिया मिया! सौ टका! कल मैं भी आएगा. मालिक बोला पानी का इंतजाम देखो."

मग सिस्टरच्या घरी बैठक खरोखरच भरवावी लागली. नेहमीचे लोक पुरुष बाहेरच्या खोलीत, बायका स्वयंपाकघरात असे विभागले, आमचे हे पुरुषांत जाऊन बसले, आणि मी दारात उभी राहून कोणत्या मजल्यावर किती पाणी ते वाचून दाखवलं. प्रार्थना नाही. चपला ओळीने दाराबाहेर. मंदूबने चहा घेतला, टाक्यांबद्दल विचारलं, उठला आणि हवा खायला गॅलरीत गेला. परात तिथे होती. सगळ्यांना वाटलं होतं, दुसऱ्या कोणीतरी हलवली असेल.

"ये क्या है?"

सिस्टरचा नवरा उभा राहिला. माझं बोलणं आपोआप सुरू झालं. "पंप का वायसर. लड़ाई में दुकान बंद हुआ तो?"

त्याने एक उचलून वास घेतला, बोटांनी दाबला. मग खिशातून रुमाल काढून चार वायसर त्यात बांधले. "हमारा पंप भी टपकता है. यल्ला, चलता."

दार लागल्यावर फिटर म्हणाला, "त्याच्या विजेच्या पंपाला हे बसणार नाहीत हो."

बसले नाहीत तर तो विचारायला परत येणार, हे सगळ्यांना कळलं होतं.

तो आला नाही. पण पुढच्या शुक्रवारी समोर शांतता होती, त्याच्या पुढच्याही. परात गेली, वास गेला. मी माझ्याकडचे पाच जेरीकॅन झाकणांसकट तिच्या दाराशी नेऊन ठेवले. दुसऱ्या दिवशी ते तिथे नव्हते. शुक्रवारी सकाळी नवरा-बायको पिशव्या घेऊन बाहेर पडायची आणि जिन्यात भेटली तर ती म्हणायची, "जरा बाजारात जाऊन येतो, वहिनी." शुक्रवारी सकाळी बाजार बंद असतो.

नवी जागा कुठली ते तिने मला कधी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. विचारलं असतं तर कुठेतरी लिहून ठेवलं असतं.