कूटभास्करांविरुद्ध पहिली सही

हसू नका असं मी म्हणणार नाही, कारण तुम्ही हसणारच. फक्त तोंडात चहाचा घोट असताना हसू नका. समोर मी बसलोय.

वेडेपणा माझ्या हातून आयुष्यात पुष्कळ झाला. पण जबलपुरात, मध्यप्रांताच्या काळात, एका शब्दकोड्यापायी मी जे करून बसलो त्याला तोड नाही. दुसऱ्या कुणी माझा असा पाणउतारा केला असता तर मी त्याच्याशी जन्मभर बोललो नसतो. पण करणारा मीच! आता स्वतःशी अबोला धरायचा तरी कसा?

माझा धंदा कंदिलांचा. गोहलपूरला दुकान. शिक्षण चौथी, तेही ढकलत ढकलत. वाचायला खरं शिकलो ते रद्दीवर. कंदिलाच्या काचा जुन्या वर्तमानपत्रांत गुंडाळून यायच्या. काच फडताळात ठेवायची आणि कागद सरळ करून वाचायचा. त्यामुळे माझं वाचन अफाट, पण फाटकं. जर्मनीत काय चाललंय ते मला ठाऊक असायचं, का चाललंय ते मात्र दुसऱ्या काचेला गुंडाळलेलं!

असा हा विद्वान रोज संध्याकाळी दुकान बंद करून कुठं जायचा? सिविल लाइन्समध्ये, नानासाहेब वकिलांच्या बंगल्यात. नानासाहेब पुण्यात शिकलेले. त्यांच्या व्हरांड्यात बैठक जमायची. दुसरे दिगंबर मास्तर, शाळेत मराठी शिकवणारे, नागपूरकडचे. तिसरा मी. आणि चौथ्या वहिनी, म्हणजे नानासाहेबांची बायको. त्या आतून चहा पाठवायच्या आणि दाराआडून उत्तरं.

नागपूरचं एक मराठी दैनिक गोंदियाच्या छोट्या गाडीनं दुसऱ्या दिवशी आमच्याकडे पोचायचं. त्यात रोज शब्दकोडं. आज आलेल्या कोड्याचं उत्तर उद्याच्या अंकात. तोवर व्हरांड्यात नुसती लढाई!

त्या लढाईत माझी जागा कुठली, विचारा. दौत धरणाऱ्याची! मी काही सुचवलं की नानासाहेब हसून म्हणायचे, "सेठजी, कोड्यात दुकान आणू नका." मास्तर म्हणायचे, "रहने दो सेठजी, हे साहित्य आहे." सेठजी! मला नाव आहे हो, शंकरराव. पण शंकरराव म्हणायला माणूस निदान मॅट्रिक तरी पाहिजे, असा काहीसा त्यांचा कायदा असावा.

मग मी काय केलं? महिनाभर खपून स्वतःच एक कोडं रचलं. साफ कागदावर उतरवलं आणि नागपूरला धाडलं. सोबत खरं नाव, दुकानाचा पत्ता, आणि विनंती की छापताना 'कूटभास्कर' हे टोपणनाव घालावं. टोपणनाव का? व्यापारी आहे मी. माल खपला तर दारावर पाटी लावायची, नाही खपला तर दुकान आपलं नव्हतंच.

आणि संपादकांचं उत्तर आलं! 'कोडे स्वीकारले आहे. वाचकांना पसंत पडल्यास दर शनिवारचे कोडे आपल्याकडे देऊ, आणि तेही आपल्या खऱ्या नावाने.'

खऱ्या नावानं! दर शनिवारी! मी ते कार्ड दिवसातून दहादा वाचायला लागलो. बायको म्हणाली, "काहून हसून राहिले एकटेच? सासुरवाडीहून काही आलं का?"

"अगं, आपलं नाव छापून येणार आहे!"

"कशात? कोर्टाच्या नोटिशीत?"

घरचा मान हा असा. म्हणून तर बाहेरचा हवा होता.

शेवटी तो दिवस उगवला. व्हरांड्यात नानासाहेबांनी अंक उघडला आणि भुवई वर केली. "कूटभास्कर? हा कोण नवा?"

मी बेत करून आलो होतो. यांना घाम फुटू द्यायचा, 'काय जबरदस्त कोडं आहे' असं म्हणू द्यायचं, आणि मग हळूच घसा खाकरायचा.

"तीन आडवा," नानासाहेबांनी वाचलं, "'कधीच वेळेवर येत नाही.' तीन अक्षरं."

"पगार!" मास्तर ओरडले. पुढे पुरावाही दिला, "दोन महिन्यांपासून वाट पाहून राहिलो मी."

"शेवटचं अक्षर ल आहे मास्तर. उभ्या शब्दातून आलंय. तेव्हा निकाल! कोर्टाचा निकाल. तीस वर्षांत एक वेळेवर आलेला पाहिला नाही." आणि पेन्सिलीनं लिहूनही टाकला.

आता मला राहवेना. मी म्हटलं, "पार्सल असेल का? रेल्वेचं? कंदिलांचं पार्सल कधीच..."

"सेठजी! दुकान!"

घ्या! शब्द माझा, चौकट माझी, पार्सलही माझंच, आणि चूकही मीच!

पुढे तर गंमत झाली. 'तहान लागली की आठवते' याचं उत्तर पाणी. पण नानासाहेबांचा निकाल आधीच वर बसलेला, म्हणून त्याचं झालं 'निणी'.

"नानासाहेब, पाणी लिहा ना," मास्तर म्हणाले.

"पाणी लिहिलं तर निकाल खोडावा लागेल. निकाल पक्का आहे. निणी असेल काहीतरी संस्कृतात."

आधी निकाल, मग पुरावा! त्या दिवशी मला वकिली समजली. दाराआडून वहिनी म्हणाल्या, "तहान लागली की निणी आठवणारा माणूस एकदा दाखवा मला." पण दाराआडच्या पुराव्याची नोंद होत नसे.

निम्मं कोडं रिकामं राहिलं. मला वाटलं, जिंकलो! यांना जमलं नाही म्हणजे कोडं भारी. किती भाबडा होतो मी! अहो, शिकलेल्या माणसाला कोडं सुटलं नाही तर चूक कुणाची? कोडं करणाऱ्याची!

दुसऱ्या दिवशी उत्तरं आली आणि व्हरांड्यात भडका उडाला.

"पार्सल?" नानासाहेब गरजले. "हे कोडं आहे का मालधक्का?"

"आणि हे पहा," मास्तरांनी बोट ठेवलं, "'हिवाळ्यात मीठ लावून खातात' म्हणे बिही! बिही?"

"बिही म्हणजे काय?" नानासाहेबांनी विचारलं.

"पेरू हो. इकडे बाजारात म्हणतात. पण मराठी कोड्यात?"

मी गार! आमच्या घरात तीन पिढ्या बिहीच खाल्ली. माझी आई ओट्यावर बसून मराठीत बिही कापायची, आम्ही मराठीत भांडून खायचो. पेरू हा शब्द मी वाचला होता, पण मला वाटायचं ते पुण्याकडचं काही वेगळं फळ असेल!

"कूटभास्कर!" नानासाहेबांनी अंक टेबलावर आपटला. "भास्कर कसला, काजळी धरलेला कंदील आहे!"

आता सांगा, मी काय करायचं होतं? 'तो कंदील मीच' म्हणून उभं राहायचं होतं. साधी गोष्ट. पण तेवढ्यात मास्तर माझ्याकडे वळले. "आप क्यों चुप हो सेठजी? तुमचं काय मत?"

आणि मी घाबरून म्हणालो, "गाढव आहे."

झालं! एकदा गाढव म्हटल्यावर मागे कसं येणार? उलट, गप्प राहिलो तर संशय येईल म्हणून पुढे सरकलो. "आणि सात आडवा बघा. 'काचेहून नाजूक' याचं उत्तर वात? वात कधी नाजूक असते? ओढली तरी तुटत नाही. अब्रू असायला हवं होतं, किंवा मैत्री."

नानासाहेब माझ्याकडे बघतच राहिले. "बरोबर. हे आमच्या लक्षात नाही आलं."

मला चढली हो! तीन वर्षांत पहिल्यांदा त्या व्हरांड्यात कुणी मला बरोबर म्हटलं होतं. मी एकेक चूक काढत सुटलो. आतला माल मला माहीत होता ना! कुठला शब्द ओढूनताणून बसवला, कुठं नाइलाज झाला, कुठं कंटाळलो. मास्तर बोटं मोजत होते. आठ, नऊ, दहा, अकरा.

"आणि बारावी तर कहर आहे," मी म्हटलं. "चौदा उभा. चौकट आहे, आकडा आहे, उत्तरही आहे. पण प्रश्न? प्रश्नच छापलेला नाही! तो महामूर्ख लिहायलाच विसरला असणार."

दोघांनी अंकात डोकं खुपसलं. खरंच नव्हता! दोन दिवस दोन पदवीधर त्या कोड्यावर डोकं फोडत होते आणि कुणाला पत्ता नाही.

"वा!" नानासाहेब उभे राहिले. "वा शंकरराव!"

शंकरराव! ऐकलंत? जो मान मला कोडं रचून हवा होता, तो मी ते कोडं फाडून मिळवला. आता मी तोंड उघडेन होय?

"संपादकांना पत्र लिहायचं," नानासाहेबांनी फर्मावलं. "आज, आत्ता. बारा मुद्दे. मास्तर, घ्या कागद. आणि पहिली सही शंकररावांची!"

माझ्या अंगातलं वारं एकदम उतरलं. संपादकांकडे माझं नाव होतं, पत्ता होता! शनिवारचं कोडं डोळ्यासमोर बुडायला लागलं.

"माझी कशाला? मी साधा दुकानदार..."

"नाही, नाही. मानाची सही आहे."

"मग शेवटी करतो. मान शेवटच्याचा."

"शंकरराव, विनय पुरे."

"गरीब माणूस असेल हो तो कूटभास्कर. बायकामुलं असतील."

"असल्या मूर्खाला बायकामुलं नसावीत हेच बरं," मास्तर म्हणाले.

दाराआडून बांगड्या वाजल्या. वहिनी खोकल्या, का हसल्या, मला तेव्हा कळलं नाही.

मग मला युक्ती सुचली. आम्ही व्यापारी वहीपासून हुंडीपर्यंत सगळं मोडीत लिहिणारे. मी मोडीत सही ठोकली, अशी गचाळ की माझी मलाच वाचता येईना. नागपूरच्या कचेरीत कोण बसलंय मोडी वाचत! पत्र मास्तरांकडे सरकवलं आणि निर्धास्तपणे चहा ओतून घेतला.

पण नानासाहेब वकील होते हे मी विसरलो. त्यांनी चष्मा लावून सही पाहिली आणि म्हणाले, "मोडी सहीखाली बाळबोधीत नाव लिहायचं असतं. शिरस्ता आहे." आणि स्वतःच्या सुंदर, टपोऱ्या अक्षरात लिहिलं, 'शंकरराव कंदीलवाले, कंदिलांचे व्यापारी, गोहलपूर, जबलपूर.' वर विचारलं, "बरोबर ना? काही राहिलं?"

मी म्हटलं, "काही नाही राहिलं."

"मी टाकतो पेटीत, वाटेतच आहे," असाही एक प्रयत्न केला. मास्तर म्हणाले, "अरे छोड़ो, रजिस्टर करू. पोचपावती पाहिजे."

पुढचा आठवडा मी कसा काढला ते मलाच ठाऊक. रोज देवाला सांगायचो, गोंदियाची गाडी उशिरा येऊ दे. ती लबाड त्या आठवड्यात रोज वेळेवर आली!

सातव्या दिवशी नानासाहेबांनी अंक उघडला. "आलं! आपलं आलं! ऐका." आणि कोर्टात वाचतात तसं उभं राहून वाचायला लागले.

"'कूटभास्कर यांच्या कोड्यातील बारा चुका दाखवणारे पत्र जबलपूरहून आले आहे. सर्व मुद्दे रास्त आहेत.' पाहा! 'पत्रावर पहिली सही श्री. शंकरराव कंदीलवाले यांची आहे, म्हणजेच...'"

नानासाहेब थांबले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"वाचा ना!" मास्तर म्हणाले.

"'...म्हणजेच खुद्द कूटभास्करांची. स्वतःच्या लेखनाचा इतका निर्भीड टीकाकार आमच्या पाहण्यात नाही. त्यांच्या मताला मान देऊन त्यांचे कोडे आम्ही यापुढे छापणार नाही.'"

माझं खरं नाव छापून यावं म्हणून सगळा खटाटोप. आलं की! पूर्ण नाव, ठळक टायपात.

मास्तर माझ्याकडे पाहत होते, मग अंकाकडे, मग पुन्हा माझ्याकडे, जणू दोन्हीपैकी एक छापण्यात चुकलंय. शेवटी दार उघडून वहिनीच बाहेर आल्या, पदर तोंडाला लावून.

"उत्तरं आली त्याच दिवशी मला कळलं होतं भाऊजी. वात, काच, काजळी, पार्सल. अख्खं दुकान मांडलं होतं तुम्ही त्यात."

"मग बोलला का नाहीत वहिनी?"

"बोलणारच होते. पण तुम्ही तुमच्यावरच सही करायला बसलात. म्हटलं, बघू तरी करतात का!"

यावर जे हसू फुटलं ते बंगल्याच्या फाटकापर्यंत गेलं. मास्तर तर बाकावर आडवेच झाले.

नानासाहेबांनी डोळे पुसले. "शंकरराव, तीस वर्षं वकिली केली. फिर्यादी तुम्ही, आरोपी तुम्ही, साक्षीदार तुम्ही, आणि निकाल तुमच्या बाजूनं. असा अशील मिळाला नाही हो!"

"जीत तो जीत है भैया," मास्तर आडवे पडल्यापडल्याच म्हणाले. "मिठाई आणा!"

काय करणार? दावा तर मी जिंकला होता. गेलो, आणि शेरभर गरम खव्याची जिलेबी घेऊन आलो. नानासाहेबांनी त्यातली एक उचलून माझ्या हातावर ठेवली.

"घ्या. अभिनंदन आणि सांत्वन, दोन्ही एकातच उरकतो."

मी म्हटलं, "मग दोन तरी द्या नानासाहेब. माणसं दोन आहेत."