नानांनी जुळवलेल्या तारा

मी केळं खात नाही. जळगावच्या माणसानं असं म्हटलं की लोकांना ती चेष्टा वाटते. कुणाकडे गेलो की केळ्यांची फणी पुढे येते, रावेरची आहेत म्हणून वर आग्रह होतो, आणि मी हात जोडतो. अहो, गोड आहेत हो, असं यजमानीणबाई म्हणत असाव्यात. ओठांवरून तसं दिसतं. माझ्या जिभेला मात्र केळं कडूच लागतं, आणि त्याचं कारण चारचौघांत सांगण्यासारखं नाही.

आमचे नाना, म्हणजे माझे वडील, पोस्टात कारकून होते. चोपड्याहून त्यांची बदली जळगावला झाली तेव्हा बिऱ्हाडाबरोबर माझा हिवतापही आला. सातपुड्याच्या पायथ्याचा ताप तो, एकदा अंगात शिरला की भाडेकरूसारखा ठाण मांडून बसायचा. महिना बरा जायचा, मग एखाद्या दुपारी दात वाजायला लागायचे आणि चार गोधड्यांखाली मी खाटेसकट हलायचो. त्या काळी कोयनेल, म्हणजे हिवतापावरचं क्विनीन, पोस्टाच्या खिडकीवर विकत मिळायचं आणि त्या खिडकीत नानाच बसायचे. त्यामुळे आमच्या घरात एक वेळ साखर संपेल, पण कोयनेल संपायचं नाही. ती पूड विषासारखी कडू. नाना केळं मधोमध चिरायचे, त्यात पूड भरायचे आणि शेजारी बसून शेवटचा घास गिळेपर्यंत माझ्याकडे बघत राहायचे.

आमच्या भागात तेव्हा सगळ्यांची एक पक्की समजूत होती. कोयनेल घेतल्यावर कान वाजायला लागले की औषध लागू पडलं. कान वाजत नाहीत म्हणजे ताप अजून मुरलेला आहे, आणखी द्या. नाना दर थोड्या वेळानं खाटेशी येऊन विचारायचे, "कान वाजतस का रे?" मी नाही म्हटलं की पुन्हा केळं. हो म्हटलं की त्यांचा चेहरा असा खुलायचा! "लागू पडनं, आते बठ्ठं बरं व्हई जाई," असं आईला ओरडून सांगत ते पायात चपला सरकवायचे आणि पोस्टात जायचे. त्यांचा आनंद मला अजून आठवतो, आणि तो आठवला की मला कुठं तोंड लपवू असं होतं.

गिटार आमच्या घरात आली तीही त्याच खिडकीतून. थेटराच्या मागच्या खोलीत एक गोव्याचे मास्तर राहत. मूकपटांच्या काळात पडद्याखाली बसून ते फिडल आणि गिटार वाजवत. पडद्यावर घोडे पळाले की यांची तार पळायची. मग बोलपट आले, पडदाच बोलायला आणि गायला लागला आणि मास्तर रिकामे झाले. फिडल विकली गेली, गिटार राहिली. गावाकडे मनिऑर्डर करायला ते पोस्टात येत, त्यांना मराठी लिहिता येत नसे, नाना त्यांचा फॉर्म भरून देत. नानांना सुरांचं वावडं होतं. ते आरती म्हणायला लागले की आई टाळ जोरात वाजवायची. पण या उपकाराच्या बदल्यात मास्तरांनी पोराला शिकवायचं कबूल केलं तेव्हा नाना हरखून गेले. तापानं खंगलेलं पोर, तालमीत जाऊ शकत नाही, निदान बसल्या जागी करण्यासारखं काही हाती लागेल, एवढाच त्यांचा हिशेब.

गल्लीतले लोक तिला विलायती सतार म्हणत. पहिले कित्येक आठवडे मास्तरांनी मला नुसत्या मोकळ्या तारा छेडायला लावल्या. मग गिटारच्या दांडीवरच्या पडद्यांवर बोटं ठेवायला शिकवलं. बोटांची टोकं फुटली, त्यांवर घट्टे आले. घट्टे बघून मास्तर खूश. "आता हात माझा झाला," ते म्हणाले. त्यांचा एकच नियम कडक होता. तारा जुळलेल्या नसतील तर वाजवायचं नाही, गप्प बसायचं. बेसूर वाद्यावर चांगला हात वाया जातो असं ते म्हणत. शिकवणी बुधवारी आणि रविवारी असायची आणि मला तिचं असं वेड लागलं की ताप आला तरी तो मी शिकवणीच्या आत घालवायला बघायचो. नानाही तेच बघायचे. "मास्तर वाट दखी ऱ्हायना व्हई, खाई ले," म्हणत ते दुसरं केळं चिरायचे. मला वाजवायचं होतं आणि त्यांना मला वाजवताना बघायचं होतं. आम्हा दोघांनाही फार घाई होती.

दुसऱ्या वर्षी मी बरा वाजवायला लागलो. एक बोट आडवं टाकून साऱ्या तारा दाबायला जमू लागलं. अंगठा खालचे सूर धरतोय आणि बाकीची बोटं वर गाणं म्हणताहेत, हे पहिल्यांदा झालं त्या दिवशी मी घरी पळत आलो होतो. मास्तरांनी तेव्हा मला त्यांची सगळ्यात अवघड चीज द्यायला घेतली. तीत वरच्या तारेवर बोटं इतकी भराभर फिरवायची की सूर तुटू नये, ओतलेल्या दुधाच्या धारेसारखा सलग राहावा. ती आली की मुंबईला त्यांच्या मित्राकडे नेतो, तिथं सिनेमाच्या वाद्यवृंदात लावून देतो, असं त्यांनी सांगितलं. मी ते मनाशी धरून बसलो. मॅट्रिक, नोकरी, पोस्ट, सगळं मला तुच्छ वाटायला लागलं.

एका रविवारी मास्तरांनी मला तारा जुळवायला सांगितल्या. मी जुळवल्या. त्यांनी तोंड वाकडं केलं. "चढली. उतर." मी पुन्हा जुळवल्या. पुन्हा चढलेल्या.

"कोणाच्या सुराला लावतो तू?" त्यांनी विचारलं.

"ते वाजतंय ना, त्याला."

"काय वाजते?"

मास्तरांनी खिडकीबाहेर बघितलं. उन्हाळ्याची दुपार होती. रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. मग ते माझ्या मागं आले आणि त्यांनी दोन्ही तळहातांनी माझे कान गच्च दाबले. पुढं वाकून, ओठ मला दिसतील असे हलवून विचारलं, "आता वाजते?"

"वाजतंय," मी म्हणालो.

त्यांनी हात बराच वेळ काढलेच नाहीत. माझ्या मानेवरून घाम उतरला. ताप गेला तरी कान वाजायचे थांबले नाहीत हे मला ठाऊक होतं, पण आमच्याकडे ती चांगली खूण होती. तिची तक्रार कोण करणार?

त्यानंतर ऐकू येणं भराभर गेलं. आधी बारीक तार गेली. बोट तिच्यावर पडायचं, ती थरथरताना दिसायची आणि सूर मात्र नाही. मग दुसरी गेली. नाना मला धुळ्याला एका डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी कानाशी घड्याळ धरलं, दूर नेलं, जवळ आणलं. मग ते नानांकडे वळून काहीतरी बोलले. त्यांच्या ओठांवरचा एक शब्द मी ओळखला, कारण तो आमच्या घरचा होता. कोयनेल.  नानांनी टोपी काढली, मांडीवर ठेवली आणि तिच्याकडे बघत बसले. परतीच्या मोटारीत ते माझ्याशी बोलले असतील तर मला ऐकू आलं नाही.

घरी आल्यावर आठवड्याभरानं नानांनी सवयीनं एक केळं सोलून माझ्यापुढं धरलं. त्यात काही नव्हतं, नुसतं केळं होतं. मी ते त्यांच्या हातातून हिसकावलं आणि भिंतीवर मारलं. काय काय बोललो ते मला आठवत नाही. स्वतःचा आवाज मला नीट ऐकू येत नव्हता, त्यामुळं मी फार मोठ्यानं बोललो असणार. शेजारच्या बाया दारात आल्या. नानांनी ओला फडका आणून भिंत पुसली. पुन्हा आमच्या घरात केळं आलं नाही.

सरावासाठी घरी आणलेली मास्तरांची गिटार मी परत द्यायला गेलो. वाटेत ती मेहरुणच्या तलावात फेकावी असं मनात आलं होतं. जगून तरी काय करायचं, असंही आलं होतं. मास्तरांनी गिटार घेतली नाही. त्यांनी माझं डोकं धरलं, गिटारच्या काठावर माझे दात टेकवले आणि जाड तार छेडली. आवाज हाडांतून आला, लांबचा, घोगरा, पण आला. मी तिथंच हमसून रडलो. बारीक तारा तशाही ऐकू येत नव्हत्या. त्या तारांसाठी मास्तर जे म्हणाले ते मला दोनदा ओठांवरून वाचावं लागलं. "मुक्या चित्राकडे बघून मी वाजवत होतो, तू तुझ्या बोटांकडे बघून वाजव." ती अवघड चीज मी अशी शिकलो. हात पूर्ण तयार झाला, असं मास्तर म्हणाले. मुंबईचं नाव मात्र पुन्हा त्यांनी काढलं नाही, मीही काढलं नाही.

मग लढाई सुरू झाली आणि मास्तरांना लष्कराच्या बँडमध्ये काम मिळालं. गिटार त्यांनी माझ्याकडेच ठेवली. पण तारा कोण जुळवणार? जायच्या आधी महिनाभर ते रोज संध्याकाळी आमच्याकडे आले आणि त्यांनी ते नानांना शिकवलं. आरतीत आई ज्यांचा आवाज टाळानं झाकायची त्या नानांना! मास्तर खुंटी फिरवायचे, तार छेडायचे, नाना डोळे मिटून मान डोलवायचे, मास्तर कपाळाला हात लावायचे. मला ते दारातून दिसायचं. एरवी मला हसू आलं असतं.

मास्तर गेल्यावर नाना पोस्टातून येत, पाय धूत आणि चहाही न घेता गिटार मांडीवर घेऊन बसत. एकेक खुंटी फिरवून बघत, कान लाकडाला लावत. अर्धा अर्धा तास लागायचा. मग घाम पुसून ती माझ्या हातात देत. पहिल्या दिवशी त्यांनी ती दिली आणि माझ्या तोंडाकडे बघितलं.

"बराबर शे का?"

हे ओठ मला पाठ होते. कान वाजतस का, असं विचारायचे तसेच, तेवढ्याच आशेनं. मी काठावर दात टेकवले आणि जाड तारा छेडल्या. पाचवी तार चढलेली होती. तेवढं माझ्या हाडांना कळत होतं. खुंटी केसभर मागं घेतली असती तर ती जुळली असती, आणि बारीक तारांची काय गत होती ते देव जाणे. जुळलेलं नसेल तर गप्प बसायचं, हे मास्तरांचं बोलणं मला आठवलं.

"बराबर शे, नाना," मी म्हणालो. खुंटीला हात न लावता मी ती अवघड चीज सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजवली. त्यानंतर नाना होते तोवर रोज वाजवली.