कासारीण आणि किल्लेदार

बांगडी भरताना ती समोरच्या बाईचा हात आपल्या गुडघ्यावर ओढून घ्यायची, अंगठ्याखालचं हाड हळूच दाबायची आणि म्हणायची, "असं तो म्हनतो, हं." हा 'तो' कोण, हे नव्या माणसाला कळत नसे. ठाण्यातल्या पाच-सहा आळ्यांतल्या बायकांना मात्र पक्कं ठाऊक होतं. तो म्हणजे माझ्या दुकानातल्या एका कादंबरीतला किल्लेदार.

तुमच्याही गावात एखादी कासारीण डोक्यावर टोपली घेऊन उन्हातून येत असेल. मागच्या दाराने आत जाते, दोन घटका बसते, निघून जाते. ती आत काय बोलते, याची चौकशी तुम्ही कधी केली नसेल. मीही केली नव्हती.

माझं दुकान तळ्याजवळ. आधी मी पंचांगं आणि आरत्यांची चोपडी खांद्यावर घेऊन माजिवड्यापासून शिळेपर्यंत पायी हिंडलो. मग एक फळी भाड्याने घेतली, मग दुकान. छापील कादंबऱ्या तेव्हा नव्या होत्या आणि त्या भाड्याने वाचायला नेण्याची ज्यांना सर्वांत जास्त इच्छा, त्यांना दुकानात येण्याची सोय नव्हती. कासारीण हे माझ्या आधी ओळखून बसली होती. एके दिवशी टोपली फळीवर आदळून म्हणाली, "बुकवाले दादा, तुमची बुकं मी घराघरांत पोचवते. बदल्यात मला गोष्ट वाचून दावायची."

"पहिलं प्रकरण वाचून दाखवीन."

"सगळी."

"सगळी ऐकलीस तर तूच सांगत सुटशील. पुस्तक कोण नेईल?"

"अर्ध्या गोष्टीवर बांगडी अर्धीच चढती, दादा."

तिला अक्षर येत नव्हतं, पण धंदा येत होता. चढवताना बांगडी वाढली, म्हणजे फुटली, तर नुकसान कासारणीचं. बाईने हात ताठ धरला की बांगडी हाडाशी अडते. जोर केला की गेली. "हात ढिला सोडा" म्हटल्याने कुणाचा हात ढिला होत नाही. मन दुसरीकडे गेलं की होतो. म्हणून हिला गोष्टी हव्या होत्या. गोष्ट ऐन घाबरण्याच्या जागी आणायची, समोरची "मग?" म्हणून श्वास सोडते, त्या क्षणी बांगडी आत. एवढी साधी युक्ती मी दुसऱ्या कुठल्याच धंद्यात पाहिली नाही.

सगळी वाचायचं मला कबूल करावं लागलं. दुपारी गिऱ्हाईक नसलं की ती ओट्यावर बसे आणि मी वाची. पुस्तकं तिच्या टोपलीत बांगड्यांच्या खाली जात आणि परत येत, तेव्हा पानांत काचेचे बारीक कण सापडत.

किल्लेदाराच्या कादंबरीवर तिचा फार जीव. त्यात डोंगरावरचा एक किल्लेदार पळवून आणलेल्या एका मुलीला किल्ल्यात ठेवतो आणि सारी हकीकत आपणच सांगतो. आपण तिच्यावर किती प्रेम करतो, तिला काय काय दागिने दिले, ती आता कशी आनंदात आहे. तो पुन्हा पुन्हा म्हणतो, 'मी तिला कोंडलेलं नाही. दार उघडंच आहे. तिचंच मन जात नाही.' शेवटी ती त्याच्या पायाशी बसून हसते आणि पुस्तक संपतं.

मला हे पुस्तक रद्दी वाटे. पण त्या एका पुस्तकाच्या मला सहा प्रती मागवाव्या लागल्या, आणि सहाही नेहमी बाहेर. मी एकदा वैतागून विचारलं, "पोरगी कोंडलेली, कोंडणारा मोकळा, आणि गोष्ट सांगणाराही तोच. यात बायकांना गोड काय लागतं?"

"म्हनूनच की."

"म्हणूनच काय?"

"घरातल्या गोष्टी बी तेच सांगत्यात, दादा. पर तितं मधी बोलायची सोय न्हाय. हितं तो थापा मारतो आन आमी बसल्या जागी धरतो. तो म्हनतो, ती लाजून गप ऱ्हायली. आमाला ठावं, ती लाजली न्हाय. किल्ली कुटं टांगलीय ते बगत व्हती."

"पुस्तकात किल्लीचा उल्लेख नाही."

"तो कसा करंल?"

मी म्हटलं, "मग असल्या खोटारड्याचा राग येत नाही?"

"येतो की. काही जनींना तो आवडतो बी. डौलदार हाय, बोलतो ग्वाड. आवडतो आन लबाड बी हाय, दोन्ही ठावं असलं म्हंजी बरं वाटतं. आन भ्या वाटलं तर हात माझ्या हातात असतोच."

या किल्लीने मला पुढे मनस्ताप दिला. नौपाड्यातल्या एका वकिलीणबाईंनी पुस्तक परत पाठवलं, सोबत निरोप: मधली पानं फाडलेली आहेत, नीट प्रत द्यावी. मी पानं मोजली. एकही कमी नव्हतं. मग दुसऱ्या घरून तोच निरोप, मग तिसऱ्या. किल्लीचं प्रकरण सगळ्यांना हवं होतं आणि ते फक्त कासारणीच्या तोंडात होतं. मी तिला फैलावर घेतलं. ती शांतपणे म्हणाली, "मंग छापनाऱ्याला सांगा, इसरला म्हनून."

आता माझ्या घरची गोष्ट सांगतो, कारण कासारीण तिथेही जात असे.

माझी सासुरवाडी कल्याणची, पारनाक्याजवळ. लग्नानंतरच्या दिवाळसणाला सासऱ्यांनी भरल्या पंगतीत शेजारच्या पाहुण्यांना सांगितलं, "आमचे जावई पूर्वी पंचांगं घेऊन दारोदार फिरत. आता दुकानात बसतात. देवाची कृपा." कृपा देवाची? पाय माझे झिजले होते. मी भरल्या पानावरून उठलो. पत्नीला घेऊन ठाण्याला आलो आणि सांगितलं की यापुढे तुला न्यायला मुऱ्हाळी म्हणून स्वतः तुझे वडील आले तरच जायचं. त्यांनी तिचा भाऊ पाठवला, मग चुलतभाऊ पाठवला. दोघांनाही मी पाणी पाजून परत लावलं. ठाणं ते कल्याण आगगाडीने तासाभराचं अंतर. चार वर्षं ती गेली नाही. पण मी तिला एकदाही 'जाऊ नकोस' म्हटलं नव्हतं, हे मी कुणालाही ठासून सांगत असे.

एका दुपारी चष्मा विसरला म्हणून मी अवेळी घरी आलो. मागच्या पडवीत कासारीण बांगड्या भरत होती. आतून मला दोघींचं बोलणं ऐकू आलं.

"वैनी, हात सोडा. दोन वाढवल्या तुमी."

"सुटत नाही, मावशी. तुम्ही पुढचं सांगा."

"तर तो म्हनतो, मी तिला कुटं कोंडलीय? दार उघडंच हाय."

पत्नी म्हणाली, "आईचं पुढचं सांगा."

मी जागच्या जागी थांबलो. कासारीण कल्याणलाही फेरी करीत असे, हे मला माहीत होतं; निरोप आणत असेल, हे डोक्यात आलं नव्हतं.

"आई अंथरुनाला लागल्याती. वैद्य म्हनतो, निस्त्या पान्यावर हाईत. रोज इचारत्यात, माझी ठान्याची कदी येती. मी म्हनलं, येतील. काय म्हनू दुसरं?"

तिसरी बांगडी कडकन वाढल्याचा आवाज आला. पत्नी रडत नव्हती. ते मला अधिक झोंबलं. मी पडवीत गेलो आणि जो काही राग होता तो सगळा कासारणीवर काढला. माझ्या घरात चोरटे निरोप आणतेस, माझ्या बायकोला फितवतेस. मग म्हणालो, "मी हिला कधी अडवलंय? विचार हिला. मी कोंडून ठेवलंय का? दार उघडंच आहे. हीच जात नाही."

दोघींनी माना खाली घातल्या. कोणी हसलं नाही. कासारणीने काचा एकेक वेचून पदरात घेतल्या, टोपली उचलली, आणि पत्नीला, मला नव्हे, हळूच म्हणाली, "असं हे म्हनत्यात."

मी तिला पुन्हा पायरी चढायची नाही असं बजावलं. घरी आणि दुकानातही.

चार दिवस माझा पारा उतरला नाही. पुस्तकं फडताळात पडून राहिली. पाचव्या दिवशी दुपारी ओटा रिकामा होता. ऐकायला कोणी नव्हतं, तरी मी सवयीने किल्लेदाराचं पुस्तक उघडलं आणि प्रथमच स्वतःशी वाचलं. मोठ्याने वाचताना मी त्याच्या आवाजात वाचत असे. मनात वाचताना ती मुलगी दिसू लागली. किल्लेदार एका जागी लिहितो, 'तिने आज जेवण घेतले नाही. बहुधा आनंदाने भूक मेली असावी.' हे वाक्य मी ओट्यावर किमान दहा वेळा वाचलं असेन. घरात चार दिवस पत्नीचं ताट तसंच्या तसं उठत होतं, आणि उन्हाळा आहे, भूक लागत नसेल, असं मी मनात म्हणालो होतो.

दुकानाला कुलूप लावून मी कासारणीच्या घरी गेलो. ती अंगणात सुतळीत बांगड्या ओवत होती. तिने बसा म्हटलं नाही. मी उभ्यानेच म्हणालो, "माझी शपथ आहे. सासरे आल्याशिवाय पाठवता येत नाही."

"मंग आलात कशाला?"

"मुऱ्हाळी माहेरचा लागतो. तू कल्याणहून निरोप आणतेस. म्हणजे तू तिकडचीच झालीस."

तिने ओवणं थांबवलं. इतक्या वर्षांत मी तिला पहिल्यांदाच खुशीने हसताना पाहिलं. "बरं. मी मुऱ्हाळी. किती दिसांची बोली?"

"आठ दिवस."

"महिना."

"दुकान, घर कोण बघणार? दहा."

"दादा, आई हाय ती. बटाटे न्हाईत. महिना."

"पंधरा."

"तुमी पंचांगवाले. मानसाचा शेवटचा दिस कंचा, ते पंचांगात बगून सांगा. तेवडं द्या."

आयुष्यात पहिल्यांदाच मी सौदा अर्ध्यावर सोडून घरी आलो. पत्नीला म्हणालो, "कल्याणहून मुऱ्हाळी आलाय. तयारी कर." तिने विचारलं, "इकडून रागावणं नाही ना?" मी नाही म्हणालो. ते खरं नव्हतं, पण राग तिच्यावर नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी कासारीण बांगड्या भरायला आली. माहेरी मोकळ्या हाताने कशी जायची? मी मुद्दाम ओसरीवर बसून राहिलो. त्या दिवशी तिने गोष्ट सांगितलीच नाही. एकामागून एक बारा हिरव्या बांगड्या चढल्या, आणि पत्नीने वाकून तिला नमस्कार केला.

सासूबाई त्यानंतर एकोणीस दिवस जगल्या. पत्नी त्यांच्याजवळ होती. तेराव्याला मी कल्याणला गेलो. सासरे दारात आले, मीही पायरी चढलो. पंगतीच्या गोष्टीबद्दल ते काही बोलले नाहीत. त्यांच्याविरुद्ध माझी तक्रार अजून आहे. ती आता फक्त माझी आहे, तिच्यात मी कुणाला सामील करून घेत नाही.

कासारीण पुढे सात-आठ वर्षं आमच्याकडे येत होती. नव्या कादंबऱ्या आल्या, तिने त्या ऐकल्या, पण गिऱ्हाइकं किल्लेदारच मागत. तिच्या गोष्टीत त्या मुलीचं पुढे काय झालं, हे मी तिला विचारायचं टाळलं. पत्नीला विचारलं तर म्हणाली, "ते बांगड्या भरून घेणाऱ्यांसाठी आहे."

एका थंडीत टोपली घेऊन दुसरीच बाई आली. कोवळी, घाबरट, जोराने हात दाबणारी. ती कासारणीची सून. सासू कल्याणला फेरीवर गेली आणि तिथेच तापाने गेली, असं तिने सांगितलं. पत्नीने हातातलं निवडण बाजूला ठेवलं. कासारणीची लेक कल्याणलाच दिली होती. सासू शेवटी तिच्याच घरी होती, असं सुनेकडून कळलं.

पत्नीने आत जाऊन लुगडं बदललं. पदरात मूठभर तांदूळ आणि एक नारळ बांधला. "मी त्या लेकीला भेटून येते," ती म्हणाली. मला विचारलं नाही, सांगितलं.

मी म्हटलं, "सोबत येऊ?"

"नको. दुकान उघडं आहे."

ती स्टेशनच्या वाटेला लागली. मी दुकानाच्या ओट्यावर येऊन बघत राहिलो. तळ्याच्या कडेने ती एकटी जात होती, वाटेतल्या माणसांना मागे टाकीत. ती इतकी भरभर चालते, हे लग्नाला एवढी वर्षं होऊनही मला माहीत नव्हतं.