वहिनींना फोटोत घेताना

माझ्या मोठ्या जाऊबाई आमच्या घरात सगळ्यांत उंच. दारातून आत येताना त्या अजूनही मान किंचित वाकवतात. आमची दारं त्यांना पुरतात, पण माहेरचं एक दार ठेंगणं होतं आणि त्यांचं कपाळ ते अजून विसरलेलं नाही. मी त्यांना वहिनी म्हणते, त्या मला धाकटे म्हणतात. मला आता जिना चढताना मध्ये थांबावं लागतं, तरी त्यांच्या लेखी मी धाकटीच.

वहिनींनी उभा जन्म शिवणयंत्रापुढे बसून काढला. पुढच्या खोलीत त्यांचं दुकान होतं. गिऱ्हाईक उंबऱ्यावर उभं राहिलं की टेप काढण्याआधीच त्या त्याचं माप ओळखायच्या आणि मग उगाच मापं घ्यायच्या. "नाहीतर लोकांना वाटतं, अंदाजाने शिवलं," म्हणायच्या. बायकांनी कंबर सांगताना पोट आत ओढलं, की वहिनी टेप हातात धरून शांतपणे उभ्या राहायच्या. शेवटी माणसाला श्वास सोडावाच लागतो.

माझा प्रांत वेगळा. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. तिथे सिस्टरांनी मला दोन गोष्टी दिल्या: वळणदार अक्षर, आणि आपल्याला सगळं नीट जमतं असा गैरसमज. अक्षर आता थरथरतं. गैरसमज ठणठणीत आहे. आमचे हे गेल्यावर मी रोजनिशी कॉम्प्युटरवर लिहू लागले, तेव्हापासून तर तो जास्तच बाळसं धरून आहे.

गेल्या महिन्यात वहिनींचं लेकीकडे राहायला जायचं ठरलं. दूरच्या शहरात, कायमचं. यंत्र विकलं, कपाटं रिकामी झाली. एका दुपारी त्या एक जुना फोटो घेऊन माझ्याकडे आल्या. सासरे नोकरीतून निवृत्त झाले तेव्हाचा. मधल्या खुर्च्यांवर सासू-सासरे, पुढे मुलं, मागे दीर, नणंदा, आणि उजव्या टोकाला मी, झालरीच्या बाह्यांच्या ब्लाउजमध्ये. आमच्या सगळ्यांच्या अंगावरचे कपडे वहिनींनी शिवलेले. फोटोत नाहीत त्या फक्त वहिनी. त्यांच्या स्वतःच्या कपड्याला तेवढ्या बाह्या लागायच्या राहिल्या होत्या. फोटोग्राफर घाई करू लागला, तेव्हा त्यांनीच आतून ओरडून सांगितलं होतं, "घ्या तुम्ही! मी आले की परत काढू." परत कोणी काढला नाही.

"तिकडे मला कोण ओळखतं?" वहिनी म्हणाल्या. "हा भिंतीवर लावला तर शेजारीपाजारी विचारतील, यात तुम्ही कुठल्या? काय सांगू? कपडे माझे, मी नाही?"

"त्यात काय! तुम्हाला आत घालते मी," मी म्हटलं. "कॉम्प्युटरवर होतं सगळं."

"तुला येतं?"

"वहिनी!" असं मी दुखावल्या आवाजात म्हटलं. हे उत्तर नव्हे, पण त्यांनी ते उत्तर म्हणून घेतलं. पुढच्या रविवारी लेक न्यायला येणार होती. त्या रात्री मी रोजनिशीत लिहिलं, "वहिनींचा फोटो. किरकोळ काम, सकाळी चहाच्या आत उरकेल."

दुकानाच्या दारात उभ्या असलेल्या वहिनींचा त्याच सुमाराचा एक फोटो माझ्याकडे होता, ह्यांनी काढलेला. सुनेने दोन्ही फोटो कॉम्प्युटरमध्ये घालून दिले आणि विचारलं, "आई, पुढचं मी करू का?" मी नको म्हटलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

वर्डच्या कोऱ्या पानावर मी आधी कुटुंबाचा फोटो मांडला. मग वहिनींच्या मागचं दुकान कापून टाकायला बसले. पहिल्या झटक्यात वहिनी गेल्या आणि दार राहिलं. दुसऱ्यांदा त्या आल्या, पण एका कानाशिवाय. कान परत आणून त्यांना कुटुंबावर ठेवलं, तर त्या थेट सासऱ्यांच्या मांडीवर उभ्या! आता हे कसं चालेल? शाळेत फोटोच्या दिवशी सिस्टर छडी हलवत सांगायच्या, उंच मुली मागे, बुटक्या पुढे. वहिनी उंच, म्हणजे त्यांची जागा मागच्या रांगेत. वर्डमध्ये 'मागे पाठवा' असं बटण होतंच. मी दाबलं. वहिनी मागे जातील, दिरांच्या खांद्यांवरून त्यांचं डोकं दिसेल, अशी माझी अपेक्षा.

वहिनी नाहीशा झाल्या.

पुसल्या गेल्या असतील म्हणून मी त्यांना पुन्हा आणलं आणि पुन्हा मागे पाठवलं. पुन्हा गायब. मग हळूच दाबून पाहिलं. मग जरा डावीकडे उभं करून पाहिलं. मग कॉम्प्युटरला नावं ठेवली, कारण नाचता येईना अंगण वाकडं. आठवडाभर रोज सकाळी हेच. रोजनिशीतलं 'किरकोळ' आधी 'किचकट' झालं, नंतर 'यंत्रात दोष' झालं. काम नीट जतन करायची सवय मात्र मी मोडली नाही. तीही सिस्टरांचीच देणगी.

शनिवारी वहिनी हजर. "झाला?"

"होत आलाय," मी म्हटलं. त्या माझ्याकडे बघत शांतपणे उभ्या राहिल्या. शेवटी मी श्वास सोडला आणि सुनेला हाक मारली.

सुनेने फाइल उघडली. "ही इतकी जड कशाने झालीय?" असं पुटपुटत तिने कुटुंबाचा फोटो धरून बाजूला सरकवला. त्याच्या खाली वहिनी होत्या. एक नव्हे, अख्खी फौज. एकीवर एक, कुणी जरा डावीकडे, कुणी उजवीकडे, एक कानाशिवाय, सगळ्या दुकानाच्या दारातलं तेच हसू हसत.

"आई, अहो, फोटो म्हणजे पत्रा," सून पदर तोंडाला लावावा तशी ओढणी लावून म्हणाली. "त्याच्या मागे ठेवलं तर दिसणार कसं?"

काखेत कळसा म्हणतात, इथे तर काखेत आठ-नऊ वहिनी. धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. वहिनींनी चष्मा सारखा केला, वाकून पाहिलं आणि खुर्चीत बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या.

"अगं धाकटे, तू मला अस्तर केलंस की! तेही इतके पदर? थंडीच्या कोटालासुद्धा मी एवढे लावले नाहीत."

मग सुनेने एक वहिनी ठेवून बाकीच्या काढल्या आणि उरलेल्या एकीला पुढे आणलं. आता प्रश्न जागेचा. मध्ये ठेवलं तर सासू-सासरे झाकले जात होते, डावीकडे मुलं. सून म्हणाली, "थोडं लहान करू?"

"माप म्हणजे माप," वहिनी म्हणाल्या.

"मग फोटोच्या कडेला, बाहेर?"

"बाहेर तर होतेच मी."

राहिली उजवी बाजू. तिथे वहिनी अगदी फिट्ट बसल्या, जणू फोटोग्राफरने जागा राखली होती. फक्त त्या जागेवर मी होते. माझा तारुण्यातला एकुलता एक बरा फोटो हा. इतर सगळ्यांत माझे डोळे मिटलेले आहेत. पडद्यावर आता माझी झालरीची डावी बाही तेवढी वहिनींच्या खांद्यामागून डोकावत होती.

"नको गं," वहिनी चटकन म्हणाल्या. "तू झाकली जातेस."

मी चष्मा काढून सावकाश पुसला. त्या अवधीत कोणीतरी दुसरा उपाय सुचवील अशी आशा होती. कोणी सुचवला नाही.

"राहू दे," मी म्हटलं. "बाही दिसतेय ना."

"दिसतेय. तीनदा उसवली होती मी ती, तुझ्या झालरीच्या हट्टापायी."

रविवारी लेक त्यांना घेऊन गेली. फोटो वहिनींनी मांडीवरच ठेवला होता, सामानात टाकू दिला नाही.

काल फोन आला. "धाकटे, शेजारीण आली होती. फोटो पाहून म्हणाली, यात तुम्ही कुठल्या? म्हटलं, ही उंच, सगळ्यांच्या पुढची. मग विचारते, आणि मागून ही बाही कुणाची?"

"काय सांगितलंत?"

"म्हटलं, माझ्या जावेची. फोटो तिनेच केलाय, म्हणून तिची तेवढीच राहिली."

रोजनिशीत मी हे जसंच्या तसं उतरवून घेतलं. "तिनेच केलाय" याखाली रेघही मारली. सून आत होती, तिने काही पाहिलं नाही.