पेंटरनं काढलेला शिक्का

नोकरीत पंचनामे शेकड्यांनी केले आणि विसरलोही. सत्तरच्या दशकातला, कोल्हापुरातला तो एक कागद मात्र डोळ्यांसमोरून हलत नाही.

मी नवा फौजदार होतो, अंगात रग होती. एका बँकेचा शिपाई चहाच्या गाडीवर सहज म्हणाला, "साहेब, असला देखणा शिक्का आमच्या बँकेत आजवर आला न्हाय बघा."

मी कान टवकारले. शिक्का होता बेबाकीच्या दाखल्यावर, म्हणजे पतपेढीचं काही देणं नाही याच्या दाखल्यावर. एका साइनबोर्ड पेंटरच्या मुलीला मेडिकलला प्रवेश मिळाला होता. शिक्षणाच्या कर्जासाठी बँकेनं बापाचा हा दाखला मागितला होता. मी पतपेढीत विचारलं. असा दाखला दिलेलाच नव्हता. पेंटर दोस्ताला जामीन राहिला, दोस्त गाव सोडून गेला आणि थकबाकीदार म्हणून नाव याचं लागलं.

बँकेचे मॅनेजर म्हणाले, "अर्ज नामंजूर करतो, विषय मिटवू." पण मी हट्टानं फिर्याद घेतली.

उचगावपासून पेठ वडगावापर्यंत निम्म्या पाट्या याच पेंटरच्या हातच्या. ठाण्यात तासभर तो "मला म्हाईत न्हाय" एवढंच म्हणत राहिला. दरडावून काही होईना, तेव्हा मी पतपेढीचा खरा शिक्का समोर ठेवला. शाई फुटलेला, निम्मा पुसट. त्याचं तोंड वाकडं झालं.

"त्येंचा घाणच उमटतोय, ठाव हाय मला. पर घाण काढायला हात वळंना माझा," तो म्हणाला आणि मग रडायलाच लागला. "जामीन ऱ्हायलो ही चूक माझी. पोरीनं काय केलंय, साहेब?"

ब्रशनं काढलेला शिक्का! मी मनातून खूश झालो. आज त्या खुशीची लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी मुलगी बापाचा डबा घेऊन आली. रडली नाही.

"आबांना सोडा म्हणत न्हाय मी. मॅनेजरसाहेब म्हणाले, माझ्या कर्जाला आबांच्या जागी दुसरा जामीन चालतोय, पक्क्या नोकरीचा पायजे. आबा लाजंनं कुणाला बोललंच न्हाईत. फी भरायला चारच दिवस हाईत. तुम्ही कुणाला सांगाल का?"

"आरोपीच्या मुलीला कर्जाला जामीन शोधून देणं पोलिसांचं काम नाही," मी सुनावलं. ती "बरं" म्हणाली, रिकामा डबा घेऊन गेली.

कोर्टानं बापाला दंडावर सोडलं. मला वरिष्ठांची शाबासकी मिळाली. मुलीची जागा यादीतल्या पुढच्याला गेली.

बापाची पत गेली की पोरांची वाट अडते, आणि लाजेपायी माणूस सरळ रस्ता विचारतही नाही, हे त्या प्रकरणानं शिकवलं. पण हे झालं त्याच्याबद्दल. तपास अधिकारी म्हणून मला स्वतःला जामीन राहता येत नव्हतं, हे खरं. पण त्या दिवशी ठाण्यात पक्क्या नोकरीची वीस माणसं हजर होती. मी एकालाही विचारलं नाही.