खुणेतली हळद

बाबा रेल्वेत इंजिनियर होते. नोकरीसाठी लखनौला आले आणि इथलेच झाले. छावणीतल्या जुन्या बंगल्यांतून सामान विकायला निघालं की ते विलायती काचेच्या फुलदाण्या उचलून आणायचे आणि आई कपाळाला हात लावायची.

अशा काचेचं वय बुडावरच्या कारखान्याच्या खुणेवरून ठरतं. नुसता नोंदणीचा नंबर असला तर वस्तू जुनी, 'मेड इन इंग्लंड' असलं तर त्या मानाने अलीकडची. पण तेजाबाने उठवलेली खूण फार फिकट असते. बाबांनी त्यावर आमच्याच मिसळणाच्या डब्यातला उपाय काढला होता. चिमूटभर हळद चोळून फडक्याने पुसली की अक्षरं पिवळी होऊन वर येत. दर दिवाळीला कपाट साफ करताना हा सोहळा व्हायचा. मी बाबांना चिकटून बसायचे आणि धाकटा भाऊ गच्चीवर पसार व्हायचा.

आई गेल्यापासून वृंदावन योजना या वसाहतीतल्या आमच्या घरात बाबा आणि भाऊ दोघंच असतात. बाबांची नजर आता अधू झाली आहे. यंदा थंडीत मी पुण्याहून गेले, तेव्हा धुक्यामुळे दुपारीही दिवे लावावे लागत होते. भाऊ चहा करत होता. कपाटाची किल्ली त्याच्याकडेच असते, पण त्या दिवशी ती कुलपालाच राहिली होती.

मी निळी फुलदाणी उलटी केली. खूण ठसठशीत होती आणि पांढरीस्वच्छ. इतक्या दिवाळ्यांच्या हळदीचा कणही नव्हता. बुडाला एक ओरखडा नव्हता. मी दुसरी वस्तू पाहिली, मग तिसरी. खऱ्या वस्तू एकेक करून गेल्या होत्या आणि त्यांच्या जागी नकला उभ्या होत्या.

फक्त हिरव्या वाडग्याच्या अक्षरांत पिवळं होतं. तो बाबांच्या मांडीवर ठेवून मी हळूच सगळं सांगितलं. "हा तरी मी पुण्याला नेते."

बाबांनी खुणेवरून नख फिरवलं. "मला ठाऊक आहे. हाताला कळतं. हा जागेवर ठेव."

"बाबा, तो तुम्हाला लुबाडतोय."

"काच आहे तोवर काच नेईल. ती संपली की घराचे कागद मागेल."

मला भावाचा राग आला आणि बाबांचाही. "माझ्याकडे चला," म्हटलं तर त्यांनी मानेनेच नकार दिला. आई या घरात गेली, त्यांनाही इथूनच जायचं आहे.

भाऊ चहा घेऊन आला. उघडं कपाट त्याने पाहिलं, पण चेहऱ्यावर काही दिसलं नाही. बाबांच्या गुडघ्यांवरची शाल त्याने नीट केली.

"ताई, ये वाला तो असली है न?"

बाबांचा हात वाडग्यावर थांबला. असली म्हणावं तर वाडगा जाणार. नकली म्हणावं तर घराची पाळी आजच येणार.

"आत्ता उजेड नाही," मी म्हटलं. "दिवाळीला आले की बघू."

"अच्छा, दिवाली पर." तो हसला. "तब तक तो बाबा हैं ही."

मी वाडगा जागेवर ठेवला. त्याने कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली.