पंपकाकू सायकलवर बसतात

"पोरीला सायकलवर बसवलंस तर या घरचं पाणीसुद्धा पिणार नाही मी!" आत्याने उंबऱ्यातूनच ठणकावलं.

"ताई, माझं दुकानच सायकलींचं. मग काय विमानात बसवू तिला?"

"बसव बसव! पडून दात पाडून घेतले की सोयरीकही सायकलीशीच कर!"

नऊ वर्षांची पोर दाराआड उभी राहून सगळं ऐकत होती. शेवटी तोड निघाली. पोरीने दुकानात यावं, पंक्चर काढावं, वडील चाक फिरवतील तेव्हा सायकल धरून ठेवावी, पण सीटवर काही बसायचं नाही. मग आत्या तांब्याभर पाणी घटाघट प्यायली आणि गेली.

तीच पोर पुढे साऱ्या वस्तीची पंपकाकू झाली. वडिलांमागे दुकान तिच्याकडे आलं. दुकान कसलं, कोपऱ्यावरची पत्र्याची टपरी. दारात पाण्याचं घमेलं, त्यात ट्यूब बुडवायची आणि बुडबुडा कुठून येतो ते बघायचं. पण काकूंना बुडबुडाही लागायचा नाही. टायरवरून बोट फिरवलं की म्हणायच्या, "हा बघ खिळा. आणि तू म्हणतोस, हवा आपोआप गेली!"

एकदा दवाखान्यातली नर्स रडकुंडीला येऊन टपरीत बसली. पहाटेच्या पाळीला बस मिळेना, सायकल चालवता येईना. काकू म्हणाल्या, "रडून चाक फिरत नाही. बस वर, मी धरते." पाचव्या दिवशी नर्स घंटी वाजवत दवाखान्यात गेली, आणि टपरीपुढे बायकांची रांग लागली.

काकूंची शिकवायची रीत ठरलेली. सकाळी शाळेच्या मैदानात जायचं, सीट मागून धरायची आणि पळायचं. चपला फटफटतायत आणि तोंडही चालू. "पुढे बघ! चाकाकडे काय बघतेस, ते काही पळून जात नाही!" बोलता बोलता हात कधी सोडला ते शिकणारीला कळायचंही नाही. मागे चपला वाजतायत म्हणजे धरलंय, अशी तिची समजूत. भिंतीपाशी पोचून वळून बघावं, तर काकू अर्ध्या मैदानात कमरेवर हात ठेवून हसतायत. अशा दोनशेच्या वर बायका त्यांनी चाकावर चढवल्या.

स्वतः मात्र एकदाही बसल्या नाहीत. दुरुस्त झालेली सायकल घरपोच द्यायची, तीही हाताने ढकलत. कोणी विचारलंच तर, "चाक लचकतंय का ते बघत जाते." आधी आत्याची धास्ती, मग कडेवर पोरं. आणि दोनशे जणींना शिकवल्यावर 'मला येत नाही' म्हणायचं कोणत्या तोंडाने?

यंदा महिला मंडळाचं पत्र आलं. सुनेने टपरीतच मोठ्याने वाचून दाखवलं. वस्तीतल्या पाच कर्तबगार बायकांचा सत्कार आहे, पंपकाकूंनी सायकलवरून मैदानाला फेरी मारून मंचापाशी यावं.

काकूंच्या हातातली ट्यूब घमेल्यात पडली.

"काय झालं, आई?"

"पोट दुखतंय."

"सत्काराला आठ दिवस आहेत आणि पोट आत्तापासूनच?"

सुनेने खोदून खोदून विचारलं तेव्हा खरं बाहेर पडलं. ती स्टुलावर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मग डोळे पुसून म्हणाली, "उद्या पहाटे साडेपाचला मैदानात. पदर खोचून या."

पण दुसऱ्यांना ठकवणाऱ्याला ठकवायचं कसं? सून सीट धरून पळायला लागली की काकू दर चार हातांवर मान वळवायच्या. "सोडलंस ना? सोडलंस! मला माहीत आहे!" आणि मान वळली की हँडलही वळायचं, काकू गवतात. सातव्या दिवशी दोन्ही गुडघे सोलवटले होते. सून म्हणाली, "आई, तुमच्याएवढी अवघड शिष्या तुम्हाला तरी मिळाली होती का?"

"नव्हती," काकू धूळ झटकत म्हणाल्या. "त्या सगळ्या भोळ्या होत्या, बाई."

सत्काराच्या दिवशी मैदान फुललं. फाटकापाशी मंडळाच्या अध्यक्षबाई सायकल घेऊन उभ्याच. बाई जुन्या मुख्याध्यापिका, देह भारदस्त, स्वतः अठ्ठावन्नाव्या वर्षी काकूंकडेच शिकलेल्या. काकूंनी एकदा सुनेकडे पाहिलं आणि सांगून टाकलं. "बाई, मला सायकल येत नाही. कधीच आली नाही. माझं नाव काढा."

अध्यक्षबाईंनी चष्म्यावरून बघितलं, नापास पोराकडे बघावं तसं. "म्हणजे माझ्या मागे इतकं ओरडत होतात, ते सगळं ऐकीव ज्ञान?"

"मागून बघून बघून आलेलं."

"मग बसा वर. मी धरते."

"बाई, लोक हसतील."

"हसू द्या. मी पहिल्या दिवशी गटारात गेले तेव्हा तुम्ही हसला नव्हतात?"

हसल्या होत्या, पोट धरून हसल्या होत्या. आता नाही कसं म्हणणार? काकू बसल्या. बाई सीट धरून धावायला लागल्या. दहा पावलांत त्यांचा श्वास भात्यासारखा वाजू लागला. तो आवाज ऐकून काकूंचा जीव खालीवर. आपण पडू याची भीती राहिली बाजूला, हे बाईंचं भलतंच काही व्हायला नको. मान न वळवता त्या ओरडल्या, "अहो बाई, धाप लागतेय तुम्हाला! सोडा! सोडा म्हणते ना!"

"केव्हाच सोडलंय!" आवाज पार फाटकापासून आला. "पुढे बघा!"

काकूंनी पुढे बघितलं. सायकल चालली होती. दोन्ही बाजूंनी बायका आपल्या सायकलींच्या घंट्या बडवत होत्या, सून नाचत होती, मंच जवळ आला. आणि मंच मागेही गेला, कारण ब्रेक दाबायचा हे दोनशे जणींना बजावणाऱ्या काकू आज नेमक्या विसरल्या. सायकल भिंतीजवळच्या वाळूच्या ढिगात जाऊन रुतली. काकू ढिगावरच बसून राहिल्या आणि इतक्या हसल्या की उठता येईना.

मग मंचच त्यांच्याकडे आला. अध्यक्षबाईंनी धापा टाकत तिथेच त्यांच्या गळ्यात पदक घातलं. भाषण पाठ केलेलं होतं, पण आवाज फुटेना, म्हणून नुसतं म्हणाल्या, "पास."

इतर चौघींचे सत्कार काकूंनी पहिल्या रांगेत बसून, टाळ्या पिटत पाहिले. ऊन उतरायला लागलं तशा त्या उठल्या.

"आई, फोटो राहिलाय अजून!" सून म्हणाली.

"पोस्टमनची सायकल तयार आहे. उद्या सकाळी त्याने टपाल काय डोक्यावरून वाटायचं?"

टपरी उघडून त्यांनी पुढच्या चाकात चार पंप हवा मारली, अंगठ्याने दाबून बघितली, आणि हँडल धरून गल्लीतून चालत निघाल्या. गळ्यात पदक तसंच होतं. कोपऱ्यावर किराणावाल्याने हटकलं, "काय काकू, आता तरी बसून जायचं!"

"गिऱ्हाइकाची आहे रे," काकू म्हणाल्या आणि पोस्टमनच्या दारापुढे सायकल स्टँडवर लावून त्यांनी कडी वाजवली.